खोल पुरलेल्याची विचारपूस

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हाती एक नोंदवही आली. धरणाच्या पोटातल्या निरीक्षण गॅलरीत पंधरवड्यातून एकदा उतरायचे, भिंतीत गाडलेल्या पिझोमीटरांच्या, म्हणजे पाण्याचा दाब मोजणाऱ्या यंत्रांच्या, तारा जिथे एका लोखंडी पेटीत एकत्र येतात तिथे वाचनयंत्र जोडायचे आणि येणारा आकडा वहीत उतरवायचा, एवढेच ते काम होते. गॅलरीत बारमाही ओल असे. छतातून ठिबकणारे पाणी कडेच्या नालीने एका व्ही-आकाराच्या खाचेपर्यंत जाई आणि त्या खाचेवरून पाणी किती उंचीने सांडते यावरून गळतीचा हिशेब मांडला जाई. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आले की सात नंबरच्या पिझोमीटरचा आकडा बदलतच नाही. वही मागे चाळत गेलो, तर अकरा वर्षे तोच आकडा सापडला; निळ्या शाईत, काळ्या शाईत, चार-पाच निरनिराळ्या हस्ताक्षरांत. जलाशय भरला, रिता झाला, पुन्हा भरला, पण सात नंबरच्या जागी पाण्याचा दाब तसूभर हलला नव्हता. वरिष्ठांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "लिहीत जा. रकाना मोकळा दिसला की वरून पत्र येते."

ते धरण आजही ठणठणीत उभे आहे, तेव्हा त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. मात्र पुढची पस्तीस वर्षे मी धरणांत बसवलेल्या यंत्रांशीच झुंजत राहिलो आणि नव्या ठिकाणी बदली झाली की इथला सात नंबर कुठला, ते आधी शोधायची सवय मला जडली. काँक्रीट ओतताना आत ठेवलेले यंत्र पुढे बदलता येत नाही, त्याची तार तुटली तर सांधता येत नाही, आणि ते खोटे बोलू लागले तर ते खोटे आहे हे सांगायला शेजारी दुसरे यंत्र लागते. म्हणून निवृत्तीनंतर अणुकचरा जमिनीखाली शेकडो मीटर पुरण्याविषयी वाचू लागलो तेव्हा किरणोत्साराची भीती वगैरे बाजूला राहिली आणि पहिला प्रश्न मनात आला तो असा : तिथली वही कोण लिहिणार, आणि आकडा बिघडला तर पुढे काय करणार?

मुलगी झ्युरिकला असते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी मला स्वित्झर्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या जुरा प्रांतात, सेंट-उर्सान गावाजवळच्या भूमिगत प्रयोगशाळेत नेले. तिचे नाव 'माँ तेरी'. आपल्याकडच्या कानांना ते जसे ऐकू येईल तसेच आम्हाला ऐकू आले आणि गाडीत बराच वेळ हसण्यात गेला. महामार्गाच्या बोगद्याला समांतर जाणाऱ्या सुरक्षा-बोगद्यातून आत शिरायचे, डोक्यावर शिरस्त्राण घालायचे आणि पृष्ठभागापासून सुमारे ३०० मीटर खाली, राखाडी-काळ्या, गुळगुळीत दिसणाऱ्या चिकणदगडात खोदलेल्या दालनांतून हिंडायचे. १९९६ पासून इथे प्रयोग चालू आहेत. इथे प्रत्यक्ष कचरा कधीच ठेवला जाणार नाही, असे आधीच ठरलेले आहे. कचऱ्याच्या जागी विजेवर तापणारे डबे ठेवायचे आणि खडक त्याला कसा प्रतिसाद देतो ते पाहायचे, एवढाच उद्देश. हा ओपालिनस नावाचा चिकणदगड सुमारे साडेसतरा कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा बनला. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्यात त्या समुद्राचा खारेपणा अजून शिल्लक आहे, आणि याच गोष्टीचे तिथल्या लोकांना मोठे अप्रूप वाटते, कारण इतक्या काळात जे पाणी तिथून पुरते निघून गेलेले नाही ते पुढेही घाईने कुठे जाणार नाही.

आम्हाला हिंडवणाऱ्या भूवैज्ञानिक बाईंनी निघताना खोदकामातल्या दगडाचे दोन कपचे माझ्या हातावर ठेवले. एक मी त्यांच्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करून घेतला आणि दुसरा कोटाच्या खिशात टाकला. घरी येऊन आठवडाभराने खिशातला कपचा काढला तेव्हा तो फिका पडला होता आणि त्याच्या कडांना पापुद्रे सुटले होते. गंमत म्हणून बशीत ठेवून त्यावर चमचाभर पाणी सोडले. चहा गाळून होईपर्यंत त्याचा चिखल झाला. ज्याच्या भरवशावर एक देश आपला सर्वांत धोकादायक कचरा लाखो वर्षांसाठी सोपवू पाहतो, तो दगड माझ्या बशीत चहा होईपर्यंतही टिकला नाही, आणि तरीही त्या बाईंचे म्हणणे खोटे नव्हते. जमिनीखाली चहूबाजूंनी दाबात असताना पाणी मिळाले की हाच दगड फुगतो आणि त्याच्या भेगा आपोआप मिटतात. मोकळ्या हवेत वाळला आणि मग भिजला, की विरघळतो. म्हणजे तो उघडा ठेवणे हेच त्याचे नुकसान. पुढे जे काही वाचले ते या बशीतल्या चिखलाशेजारी ठेवूनच मी वाचत आलो.

खोल भूगर्भातल्या विल्हेवाटीची मूळ कल्पना अशी आहे की सुरक्षितता माणसाच्या पहाऱ्यावर अवलंबून असता कामा नये. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो बेटावर, सुमारे १९० कोटी वर्षे जुन्या खडकात, ४०० मीटरहून अधिक खोलीवर 'ओंकालो' हे अणुकचऱ्याचे कोठार उभे राहिले. तिथे वापरलेले इंधन बिडाच्या गाभ्यात बसवायचे, तो गाभा पाच सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या पिंपात बंद करायचा, पिंपाभोवती बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती ठासायची आणि शेवटी बोगदेही बुजवून टाकायचे. तिथल्या कायद्याचा रोख स्पष्ट आहे : बंद केल्यानंतर कोणी लक्ष ठेवले नाही तरी चालले पाहिजे. पोसिवा ही कंपनी आसपासच्या भूजलाची आणि खडकाच्या हालचालीची मोजणी वर्षानुवर्षे करीत आली आहे, पण प्रत्येक पिंपाच्या कानाला कोणी यंत्र लावून बसणार नाही. धरणवाल्या माणसाला हे ऐकताना आधी चीड येते. इतके बांधायचे आणि आत एक साधा पिझोमीटर ठेवायचा नाही? मग थोडे शांतपणे विचार केला की लक्षात येते, पिझोमीटर ठेवायचा म्हणजे त्याची तार ठेवायची, आणि तार ठेवायची म्हणजे पिंपापासून बोगद्यापर्यंत पाण्याला एक आयती वाट करून द्यायची. आमच्या धरणात तारेच्या कडेने झिरपलेले पाणी मी स्वतः बोटाने पुसले आहे.

ही यंत्रे किती काळ जगतात, याचे उत्तर देणारा सर्वांत प्रामाणिक प्रयोग आल्प्स पर्वतात, ग्रिम्सेल येथील प्रयोगशाळेत झाला. स्पेनच्या पुढाकाराने झालेल्या त्या प्रयोगाचे नाव 'फेबेक्स'. ग्रॅनाइटमधल्या एका बोगद्यात खऱ्या पिंपांच्या आकाराचे दोन तापक ठेवले, त्यांच्याभोवती स्पेनच्या अल्मेरिया भागातून आणलेल्या बेंटोनाइटच्या विटा रचल्या, ६३२ संवेदक पेरले, तोंडाशी काँक्रीटची भिंत घातली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये वीज चालू केली. तापकाचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सियसवर स्थिर ठेवला होता. पहिला तापक २००२ मध्ये बाहेर काढला. दुसरा अठरा वर्षे तापत राहिला आणि २०१५ मध्ये तोही उघडला. त्या उघडण्याची छायाचित्रे मी भिंगाखाली पाहिली आहेत. विटांच्या मधल्या सांधी पुरत्या मिटल्या होत्या. कुठे एक वीट संपते आणि दुसरी सुरू होते ते ओळखू येत नव्हते. बाहेरचा भाग ओला, गडद. तापकाजवळचा भाग अठरा वर्षांनंतरही त्या मानाने कोरडा. आणि त्या मातीत रुतलेले संवेदक. तापमान मोजणारे बरेचसे टिकले होते, आर्द्रता मोजणाऱ्यांचे आयुष्य कमी भरले होते, काही गंजले होते. उष्णता, क्षारयुक्त पाणी आणि फुगणाऱ्या मातीचा दाब या तिघांनी मिळून त्यांची वाट लावली होती. खऱ्या विल्हेवाटीत त्यात किरणोत्साराची भर पडणार. बाहेर काढलेल्या संवेदकांना पुन्हा ज्ञात दाबाखाली आणि ज्ञात तापमानात तपासून, जिवंतपणी ते खरे बोलत होते की नाही, याचीही पडताळणी त्या लोकांनी केली. हे वाचताना मला सात नंबर आठवला. त्याचे शवविच्छेदन कोणी केले नाही, करणे शक्यही नव्हते.

तारेचा प्रश्न टाळण्यासाठी युरोपात बरेच काम झाले आहे. संवेदकाचा संदेश मंद चुंबकीय लहरींनी माती आणि काँक्रीटमधून पलीकडे पाठवायचा, म्हणजे तार नको. पण मग आत बॅटरी हवी, आणि बॅटरीचे आयुष्य दशकांत मोजायचे असते. कचऱ्याच्याच उष्णतेवर थोडी वीज तयार करून संवेदक चालवावा, अशीही युक्ती तपासली गेली. ती मला फार आवडली, ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याच खर्चाने पहारेकरी नेमल्यासारखी. काचेचा प्रकाशतंतू लांबच लांब टाकला तर त्याच्या प्रत्येक मीटरावरचे तापमान वाचता येते, मात्र पोलाद गंजताना सुटणारा हायड्रोजन त्या काचेत शिरतो आणि ती हळूहळू आंधळी होते. प्रत्येक उपायाला असे एक शेपूट आहे.

त्यातही काळाचे प्रमाण मन बधिर करणारे आहे. स्विस मंडळी सुरक्षिततेचा हिशेब दहा लाख वर्षांसाठी मांडतात. त्या काळाचा एक दिवस मानला, तर शंभर वर्षांची देखरेख म्हणजे त्या दिवसातले साडेआठ सेकंद. या साडेआठ सेकंदांत काय दिसेल? कचरा तापेल, भोवतालची माती तापेल, खडकातल्या पाण्याचा दाब चढेल आणि उतरू लागेल, बोगदे खोदताना दुखावलेला खडक पुन्हा सावरू लागेल. हे सगळे गणिताने आधीच वर्तवलेले असते आणि मोजलेला आकडा वर्तवलेल्या आकड्याशी जुळतो की नाही, हेच काय ते तपासता येते. जी गोष्ट खरोखर भीतीची, म्हणजे पिंप फुटून आतले द्रव्य बाहेर येणे, ती या काळात घडलेली दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य, आणि दिसली तर ती इतक्या मोठ्या चुकीची खूण असेल की ती ओळखायला ६३२ संवेदकांची गरज पडू नये. मग मोजायचे कशाला? माझे उत्तर असे की हे मोजणे कचऱ्यासाठी नसून आपल्या गणितासाठी आहे. पहिल्या पन्नास वर्षांतच गणित चुकले, तर पुढच्या नऊ लाख नव्याण्णव हजारांवर विश्वास कोणत्या तोंडाने ठेवायचा?

पण गणित चुकले हे कळल्यावर हाती काही करण्याजोगे उरले नसेल, तर ते कळणे हीदेखील एक शिक्षाच आहे. जर्मनीतल्या आसे येथील लोक ती गेली अनेक वर्षे भोगत आहेत.

लोअर सॅक्सनी राज्यातली आसे ही मिठाची जुनी खाण. मीठ काढणे थांबल्यावर तिचे 'संशोधन खाण' असे नामकरण झाले आणि १९६७ ते १९७८ या अकरा वर्षांत तिथे कमी आणि मध्यम किरणोत्साराच्या कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे उतरवली गेली, बहुतेक ७५० मीटर खोलीवरच्या कक्षांत. सुरुवातीला ती नीट उभी रचली, मग आडवी, आणि पुढे तर यंत्राच्या बकेटीतून उतारावरून खाली लोटून दिली आणि वर मीठ पसरले. परत काढायची नव्हतीच, तेव्हा ती सरळ राहिली काय अन् चेपली काय. मीठ कोरडे असते, मिठात पाणी टिकूच शकत नाही, हा तर्क होता, आणि अस्पर्श मिठाच्या थरापुरता तो बरोबरही होता. पण ही खाण होती. मीठ काढताना माणसाने ती आधीच पोखरली होती, काही कक्ष डोंगराच्या कडेच्या खडकापर्यंत जेमतेम भिंत राखून खोदले होते. १९८८ मध्ये त्या बाजूने खारे पाणी येऊ लागले. आजतागायत येते, दिवसाला साधारण बारा घनमीटर. ते गोळा करून वर उपसावे लागते. एका कक्षासमोर साचलेल्या खाऱ्या पाण्यात किरणोत्सारी सीझियम असल्याची गोष्ट २००८ मध्ये लोकांपर्यंत पोहोचली, तेव्हा गदारोळ झाला आणि खाणीचा कारभार दुसऱ्या संस्थेकडे गेला. २०१३ मध्ये जर्मन संसदेने कायदा केला की ही सगळी पिंपे बाहेर काढायची.

बाहेर काढायची म्हणजे काय, याचा अंदाज मला एका तपशिलावरून आला. बंद केलेल्या सात क्रमांकाच्या कक्षात (हा क्रमांक माझा पिच्छा सोडत नाही) आत काय अवस्था आहे ते पाहण्यासाठी २०१२ मध्ये छिद्र पाडायला सुरुवात झाली, आणि ते पाडताना आतला वायू किंवा दूषित धूळ बाहेर येऊ नये म्हणून केवढा तरी सरंजाम उभा करावा लागला. नुसते डोकावण्यासाठी एवढे. पिंपे काढण्यासाठी नवा उभा कूपक खणायचा, वर कचरा ठेवण्यासाठी आणि पुन्हा बांधण्यासाठी इमारती उभारायच्या, आणि मगच पहिले पिंप हलवायचे. तोवर खाण कोसळू नये म्हणून पोकळ्या भरत राहायच्या आणि पाणी उपसत राहायचे. त्या पिंपांत नेमके काय आहे, याची कागदपत्रेही सगळीकडे पुरेशी नाहीत. जे अकरा वर्षांत टाकले ते काढायला तीन-चार पिढ्यांना राबावे लागेल असे दिसते. निस्तरणे हा शब्द मराठीत आपण फार सहज वापरतो. त्याचा खरा अर्थ आसेत पाहावा.

नुसते 'परत काढता येईल' असे लिहून ठेवल्यानेही भागत नाही. फ्रान्समध्ये अल्सास प्रांतात स्टोकामिन नावाची जागा आहे. तिथला कचरा रासायनिक होता, किरणोत्सारी नव्हे, पण धडा तोच. पोटॅश खाणीखालच्या दालनांत तो ठेवण्याची परवानगी देताना, गरज पडल्यास सगळे परत काढू, असे आश्वासन होते. १९९९ पासून सुमारे ४४,००० टन माल उतरला, सप्टेंबर २००२ मध्ये खाली आग लागली आणि काम कायमचे थांबले. मग वाद सुरू झाला तो वीस वर्षांहून अधिक चालला. दरम्यान खाणीचे छत हळूहळू खाली येत राहिले, कारण मिठाच्या खाणी स्वतःहून मिटतात, तो त्यांचा धर्मच आहे. पाऱ्याचा काही माल काढला गेला. बाकीचा बहुतांश खालीच काँक्रीटने कोंडण्याचा सरकारने निर्णय घेतला. कागदावरचा परतीचा रस्ता वाद संपेपर्यंत जमिनीने गिळून टाकला होता.

म्हणून फ्रान्सच्या अणुकचऱ्याच्या योजनेत, ब्यूर गावाजवळच्या 'सिजेओ' प्रकल्पात, परतीची सोय रचनेतच बांधून काढण्याचे ठरले. २००६ च्या कायद्याने किमान शंभर वर्षे निर्णय उलटवता आला पाहिजे अशी अट घातली आणि २०१६ मध्ये त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. सुमारे ५०० मीटर खोल चिकणदगडात आडव्या अरुंद नळ्या खोदायच्या, त्यांना पोलादाचे अस्तर लावायचे आणि त्यातून पिंपे आत सरकवायची, म्हणजे दगड दाबला तरी ती मागे ओढता यावीत. पण अस्तराचे पोलाद काळाच्या ओघात गंजणार आणि गंजताना हायड्रोजन सोडणार, आणि तो वायू त्या घट्ट दगडातून जाणार कुठे, हा नवा प्रश्न त्या सोयीनेच निर्माण केला. दार उघडे ठेवण्याची किंमत ही अशी. बोगदे उघडे राहिले तर हवा आत जाते, चिकणदगड वाळतो, त्यातल्या गंधकयुक्त खनिजांना प्राणवायू लागतो, पाणी सतत उपसावे लागते. माझ्या बशीतला चिखल इथे मला पुन्हा दिसतो. शिवाय उघडे दार फक्त भल्या माणसांनाच दिसते असे नाही. आतल्या इंधनात प्लुटोनियम असते.

जर्मनीचा नवा कायदा तर आणखी पुढे जातो : जागा बंद केल्यानंतरही ५०० वर्षे कचरा काढणे शक्य असले पाहिजे. ५०० वर्षांपूर्वी आपल्याकडे एकनाथांचा जन्म व्हायचा होता. माझ्या आजोबांच्या जमिनीचा दस्त मोडीत आहे. तो लिहून पुरती शंभर वर्षे झालेली नाहीत आणि वाचून घेण्यासाठी मला माहीतगार शोधून पैसे मोजावे लागले. कोणत्या नळीत कोणते पिंप, कोणत्या साली ठेवले, हे सांगणारी वही ५०० वर्षांनंतर कोण वाचणार, याची चिंता मला संवेदकांच्या चिंतेपेक्षा जास्त वाटते.

या सगळ्यात स्वित्झर्लंडने काढलेली तोड मला सर्वांत शहाणपणाची वाटली. तिथे तज्ज्ञांच्या एका समितीने २००० साली सुचवले आणि पुढे अणुऊर्जा कायद्यात आले ते असे की मुख्य जागेला तारांनी भोसकायचेच नाही. तिच्यापासून थोडे अंतर राखून, त्याच खडकात, एक लहानसा नमुना-कोठार बांधायचा, त्यात कचऱ्याचा छोटा प्रातिनिधिक हिस्सा ठेवायचा आणि सगळी मोजमापे तिथे करायची. भाताचे पातेले पुन्हापुन्हा न ढवळता एक शीत चेपून पाहण्याचाच हा प्रकार. अणुकचऱ्याच्या विल्हेवाटीचे काम पाहणाऱ्या नाग्रा या संस्थेने २०२२ मध्ये झ्युरिकच्या उत्तरेला नोर्डलिश लेगर्न ही जागा सुचवली. कचरा उतरवायला या शतकाच्या मध्यानंतर सुरुवात होईल, त्यानंतर अनेक दशके नुसते पाहत राहायचे, आणि शेवटचे दार २१२५ च्या सुमारास लावायचे, असा बेत आहे. तोवर फारशी यातायात न करता कचरा परत काढता आला पाहिजे, असे कायदा सांगतो. माझी एक शंका मात्र कायम आहे. शीत कच्चे लागले तर काय? नमुना-कोठारातला एखादा आकडा वर्तवलेल्यापेक्षा वेगळा आला, तर तो संवेदकाचा दोष की खडकाचा, हे कोणी ठरवायचे, किती वेळात ठरवायचे, आणि किती फरक पडला म्हणजे मुख्य जागेतली पिंपे काढायला हात घालायचा? ती रेघ कचरा उतरवण्यापूर्वी आखली पाहिजे. नंतर आखायला बसले की ज्यांनी कचरा उतरवला त्यांनाच ती आखावी लागते, आणि माणूस आपल्या सोयीने रेघ मारतो. आमच्या वहीत आकड्यांना रकाना होता, 'इतके झाल्यास असे करावे' याला रकाना नव्हता.

तो रकाना असला की काय होते, हे अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या 'विप' या मिठात खोदलेल्या अणुकचऱ्याच्या जागेने दाखवले. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री सुमारे ६५५ मीटर खाली हवा तपासणाऱ्या यंत्राने इशारा दिला आणि कोणाच्या परवानगीची वाट न पाहता खाणीची हवा गाळण्यांकडे वळवली गेली. थोडे द्रव्य तरीही निसटले, २२ कामगारांच्या शरीरात अल्प प्रमाणात गेले, आणि जागा जवळजवळ तीन वर्षे बंद राहिली. पण त्या वळवण्याशिवाय गोष्ट फार वाईट झाली असती. कारण मात्र कोणत्याही भूगर्भशास्त्रज्ञाच्या स्वप्नात न आलेले. लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेत नायट्रेटयुक्त कचऱ्यात द्रव शोषून घेण्यासाठी मातीच्या ऐवजी गव्हापासून बनवलेली, पाळीव मांजरांसाठी विकली जाणारी वाळू मिसळली गेली आणि ते पिंप आतल्या आत तापून फुटले. खडक चोख होता. चूक वर, पिंप भरणाऱ्या टेबलावर झाली होती.

आपल्याकडे अजून अशी जागा नाही. भारतात वापरलेले इंधन सरळ पुरत नाहीत. त्यातून उपयोगी द्रव्ये काढून घेतात आणि उरलेला तीव्र कचरा काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. तारापूरला असे डबे एका तळघरात ठेवले जातात. उष्णतेने हवा आपोआप वर चढते, खालून थंड हवा आत ओढली जाते, आणि पंख्याविना ते निवत राहतात. तीसेक वर्षे निवले की मग खोल जागा, असा क्रम आहे. आपल्या लोकांनी याचा थोडा रियाजही केला आहे : १९८० च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या एका सोडून दिलेल्या भागात, सुमारे १००० मीटर खोलीवर, तापक ठेवून खडकाची वर्तणूक काही वर्षे मोजली. कोलार २००१ मध्ये बंद झाली, पंप थांबले आणि खाणीत पाणी चढले. खाण उघडी होती ती पंपांमुळे, आणि पंप चालू होते ते सोन्यामुळे. कचऱ्याच्या खाणीत सोने नाही. तिथले पंप शंभर वर्षे कोणत्या अंदाजपत्रकातून चालवायचे, हा प्रश्न तारापूरच्या डब्यांच्या बाबतीत आज ना उद्या मराठी माणसालाही विचारावा लागेल, आणि तो विचारताना अणुशास्त्र येण्याची गरज नाही. कोणत्याही पाटबंधारे उपविभागात दोन वर्षे काढलेल्याला तो सुचेल.

स्विस पाकिटातला दुसरा कपचा पुण्यात माझ्या टेबलावर आहे. पाकिटावर तारीख लिहिली आहे. सुट्टीत नातू आला होता. खिशातल्या दगडाचा चिखल झाल्याची गोष्ट त्याने ऐकली आणि मग हा आतला चांगला आहे का, असे विचारले. मी म्हणालो, असावा. "उघडून बघू या ना, आजोबा." उघडले की बाहेरची हवा लागेल आणि मग याचेही तसेच होईल, हे त्याला समजावून सांगितल्यावर तो थोडा वेळ पाकिटाकडे बघत बसला. मग त्याने ते कानाशी नेऊन हलक्या हाताने हलवले आणि सांगितले, एकाच खड्याचा आवाज येतो. मी त्याला पेन दिला. त्याने तारखेखाली नवी तारीख घातली आणि पुढे लिहिले : एकच.